युकिबाना साबण आणि ताईचे हात

आमच्या घरात कोणता साबण येणार हे आई ठरवत नाही, बाबाही ठरवत नाहीत. ते ठरतं ताईच्या ऑफिसात. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण चिसातो, टोकियोच्या गिन्झा भागातल्या एका जाहिरात कंपनीत आहे, आणि तिथला रिवाजच तसा आहे: ज्याची जाहिरात, त्याचाच माल घरात. गेल्या वर्षी सोया सॉसचं काम आलं तेव्हा आमचं सूप महिनाभर खारट होतं. त्याआधी पोटाच्या गोळ्या होत्या. बाबांचं पोट दगड पचवेल असं, तरी ते जेवण झालं की इमानेइतबारे गोळी गिळायचे. "पोरीच्या नोकरीसाठी," म्हणायचे आणि तोंड वाकडं करायचे.

यंदा आला युकिबाना साबण. वास छान, पण थोड्याच दिवसांत ताईची बोटं लाल झाली, पेरांवर भेगा पडल्या. आईने गुपचूप जुना साबण आणून ठेवला. ताई त्याला शिवेना.

"अगं, कोण बघतंय?" मी म्हटलं.

"मी बघतेय ना," ती म्हणाली, आणि बाहेर जाताना पांढरे हातमोजे चढवले. चेरीचा बहर गळून गेला तरी तिचे मोजे उतरले नाहीत.

यामागे होते कुगासान. ताईच्या शेजारच्या टेबलावर बसून ते जाहिरातींच्या ओळी लिहायचे. हे काम फत्ते झालं की त्यांना विभागप्रमुख करणार होते, आणि मग ते बाबांकडे ताईला मागणी घालणार होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी काय आंधळी आहे? रविवारी ते ताईला सोडायला यायचे आणि दोघं गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावरचं पोस्टर वाचत उभे राहायचे. अर्धा अर्धा तास! एवढं काय असतं हो एका पोस्टरात?

युकिबानासाठी कुगासाननी ओळ लिहिली होती: 'हात आईचे, मऊपणा मुलीचा.' ही ओळ मोठ्या फुग्याखाली लटकून गिन्झावर तरंगणार होती, आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसणार होती. मी अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. आणि कहर म्हणजे, पोस्टरवर माझा चेहरा! दोन सख्ख्या बहिणी हव्या होत्या त्यांना. यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी मान खाली घालून चालणं सोडूनच दिलंय. कुगासान म्हणाले, "तामेचा हा चेहरा साबण काय, रेल्वेचं इंजिनसुद्धा विकेल."

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही फोटो काढायला गेलो. साबणाचे मालक सेगावासाहेब पंखा हलवत खुर्चीत बसले होते. फोटोवाले म्हणाले, "मोठीने धाकटीच्या गालांवर हात ठेवायचे. मोजे काढा बघू."

ताई हलली नाही. कुगासान चटकन वाकले आणि पुटपुटले, "थंड पाण्याने झालंय म्हण. एवढं एकच वाक्य, चिसातो." मी मध्ये बसले होते, मला सगळं ऐकू आलं.

"काय झालं?" सेगावासाहेबांनी विचारलं. "आमचाच साबण वापरता ना घरी?"

"रोज वापरते," म्हणत ताईने मोजे काढले.

पंखा थांबला. कुगासान घाईघाईने म्हणाले, "हिवाळाभर थंड पाण्यात काम असतं हिला, म्हणून..."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. असं, की मलाच माझी नजर वळवावीशी वाटली. मग ती सेगावासाहेबांना म्हणाली, "पाण्याने नाही, साहेब. साबणानेच झालंय."

फोटोवाले उगाचच दिव्याशी खुडबुड करू लागले. सेगावासाहेब रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "दुसरे हात आणा."

मी ताडकन उठले. "मग चेहरापण दुसरा आणा!"

आणला त्यांनी! उन्हाळा सुरू होताना फुगा वर चढला. त्याच्याखाली तीच ओळ. कुगासान विभागप्रमुख झाले आणि ताईला कंपनीने फोन उचलायला बसवलं. गणिताच्या तासाला मी खिडकीकडे पाठ करून बसायला लागले, पण ताई संध्याकाळी अंगणात वाळलेले कपडे काढायला गेली की उगाचच रेंगाळायची. तिथून तो फुगा दिसायचा, बोराएवढा.

मग एका रविवारी कुगासान आले. नवा सूट, हातात केकचा खोका. बाबा इतके हरखले की त्यांना स्वतःच्याच घरात बसायला जागा सापडेना. मी चहा ठेवला आणि तिथेच रेंगाळले.

ताई समोर बसली. बोटांवर नवी कातडी आली होती. "एक विचारू?" ती म्हणाली. "तशी ओळ पुन्हा लिहायची वेळ आली, तर लिहाल?"

कुगासान टोपी फिरवत राहिले. मी मनातल्या मनात ओरडत होते, नाही म्हणा हो, नाही म्हणा! सगळ्या टोकियोला थापा मारता, मग आज एक आम्हाला मारायला काय होतंय?

"लिहीन," ते म्हणाले. "तुझ्याशी खोटं नाही बोलता येत मला."

ताई हसली. डोळे गच्च भरलेले, तरी हसली. "तसंच लोकांशीही खोटं बोलता आलं नसतं, तर किती बरं झालं असतं," ती म्हणाली आणि माफी मागत पार जमिनीपर्यंत वाकली. तेही वाकले. बराच वेळ कुणीच वर बघेना.

"केक... कापू या का?" बाबा म्हणाले.

कुगासान गेले. ताई दाराशी उभी राहून त्यांच्या बुटांचा आवाज ऐकत होती.

"ताई, धाव ना! कोपऱ्यापर्यंतच गेले असतील."

"हो गं," ती म्हणाली. "अजूनही गाठू शकेन मी."

आवाज येईनासा झाला तरी ती तिथेच उभी होती, एका पायात लाकडी चप्पल सरकवलेली, दुसरा पाय अनवाणी.