ग्रहणात बोलणारी पेटी

पंचवटीतल्या पुरोहितांच्या सभागृहात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर चपलांचा खच, आत उदबत्त्यांचा धूर आणि मधोमध चौरंगावर ती पोलादी पेटी. अंगावर झेंडूचे हार, फटींतून लुकलुकणारे हिरवे दिवे. परवाच्या ग्रहणात ती बंद असतानाही बोलली, ही बातमी एव्हाना घोटीपासून लासलगावपर्यंत पोचली होती.

"लय जागृत हाय बाई," घोटीहून आलेल्या बयाबाई शेजारणीला सांगत होत्या. "तार काढून ठिवली, वर दर्भ ठिवला, तरी पितरांची नावं घडाघडा सांगितली म्हनत्यात!"

मागच्या खांबाशी उभ्या तेजश्रीचा जीव नुसता खालीवर होत होता. ती कॉलेजात कम्प्युटर शिकवायची. पुरोहित संघाचे अध्यक्ष चिंतामणशास्त्री हे तिचे सासरे, घरातले अण्णा. आणि आज अण्णा आपल्या घरच्या साऱ्या वह्या या पेटीत भरण्यासाठी तिच्या मालकाला देऊन टाकणार होते.

या वह्या म्हणजे यजमानांच्या वंशावळी. पण त्यांत नुसती नावं नसतात. पितरांसमोर खोटं बोलायचं नाही, म्हणून माणसं तिथं घरातलं झाकलेलंही सांगतात आणि पुरोहित ते लिहून ठेवतात. जीर्ण पानं उतरवून देताना तेजश्रीनं बयाबाईंचं पान वाचलं होतं. त्यांचा शेखर दत्तक होता. त्यांच्या नवऱ्यानं, धोंडीरामांनी, ते अण्णांना सांगून लिहून घेतलं होतं. शेखरला मात्र आजतागायत त्याचा पत्ता नव्हता. ज्या वह्या अण्णांनी शेजारच्या पुरोहितालाही कधी दाखवल्या नाहीत, त्या आता एका हसऱ्या माणसाच्या हाती जाणार होत्या.

तो हसरा माणूस म्हणजे विहंग. रेशमी कुर्ता, कपाळाला गंध, गालाशी माइक. बोलायला लागला की कीर्तनकारानं ऐकत बसावं.

"मंडळी, तुमचे पितर परदेशी ढगात, म्हणजे क्लाउडात, अडकले, तर तुम्ही दिलेलं पाणी त्यांना पोचेल का?"

"नाही!" सभागृह गरजलं.

"परदेशी कंपनी, परदेशी कायदा, परदेशी हात! म्हणून हा आपला 'स्वभूमी मेघ'. गोदेकाठचा डेटा गोदेकाठीच! या पेटीबाहेर एक अक्षर जात नाही. हिची प्राणप्रतिष्ठा झालेली आहे. तेव्हा सोवळ्याशिवाय स्पर्श नको आणि झाकण तर उघडायचंच नाही!"

तेजश्रीला चीड याचीच होती की मूळ मुद्दा खरा होता. आपल्या लोकांची माहिती आपल्या देशात, आपल्या कायद्याखाली राहावी, हे ती वर्गातही पोटतिडकीनं सांगायची. या गृहस्थानं त्या खऱ्या गोष्टीलाच हार घालून तिचं दुकान मांडलं होतं. आणि देवाधर्मातली शहाणी माणसं ग्रहणात लोणच्याच्या बरणीवर ठेवतात तसा पेटीवर दर्भ ठेवून मोकळी झाली होती!

आदल्या दिवशी चहा पिताना तिनं अण्णांशी वाद घालून पाहिला होता.

"ग्रहणात तार मी स्वतःच्या हातानं काढली, तेजश्री," अण्णा म्हणाले होते. "तरी उत्तर आलं. माझ्या डोळ्यांवरही तुझा विश्वास नाही?"

तेव्हा ती कप उचलून आत गेली. पण तेच वाक्य तिच्या डोक्यात घण घालत राहिलं. अण्णांचे डोळे खोटं सांगत नव्हतेच. गडबड झाली होती ती पुढच्या विचारात. ही गोष्ट लक्षात आली आणि तिला घरात बसवेना.

आता ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. "अण्णा, परवा केलंत ते सगळ्यांसमोर पुन्हा करता?"

"अवश्य, ताई, अवश्य!" विहंगच आधी खूश होऊन म्हणाला. चमत्कार पुन्हा दाखवायला कोण नको म्हणेल?

अण्णांनी पेटीची तार काढली. हिरवे दिवे विझले. सोमनाथ नावाच्या तरुण पुरोहितानं आपल्या वह्या आधीच देऊन टाकल्या होत्या. त्यानं पेटीची उत्तरं ऐकवणाऱ्या टॅबसमोर एका यजमानाचं नाव उच्चारलं आणि टॅबमधून खणखणीत आवाज आला. आजा, पणजा, खापरपणजा, गाव, सगळं बिनचूक. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी पेटीपुढे नारळ फोडायला घेतला.

"थांबा," तेजश्री म्हणाली. "बयाबाई, विहिरीवरची मोटर बंद आहे, टाकी रिकामी आहे, आणि तरी तुमच्या नळाला पाणी येतंय. ते पाणी त्या विहिरीचं का?"

"नाय बा," बयाबाई विचार करत म्हणाल्या. "कुनाचा तरी टँकर लागला आसंल."

"तेच मी म्हणतेय. पेटी बंद होती, तरी नावं आली. म्हणजे नावं पेटीत नव्हतीच!"

टाळ्या वाजवणारे हात तिथंच थांबले.

"आत बॅटरी आहे," विहंग घाईनं म्हणाला.

"मग उघडून दाखवा."

"सोवळ्याशिवाय? काय बोलताय, ताई!"

"मी सोवळ्यातच आहे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडलं.

आत दिवाळीतली दिव्यांची माळ होती, घूं घूं आवाजापुरता एक छोटा पंखा होता आणि वजनासाठी फरशीचे तुकडे. बस्स.

तेजश्रीनं टॅबचं इंटरनेट बंद केलं आणि पेटीची तार पुन्हा लावली. दिवे छान लुकलुकू लागले. सोमनाथनं तेच नाव पुन्हा पुन्हा घेतलं. टॅब मुका.

"क्लाउड म्हणजे आभाळातला ढग नव्हे," ती म्हणाली. "दूर कुठंतरी असलेला, दुसऱ्या कुणाचा तरी कम्प्युटर. आपण नाव घेतलं की ते इंटरनेटवरून तिथं जातं आणि उत्तर घेऊन परत येतं. विहंगराव, तो कम्प्युटर कुठल्या देशात आहे?"

विहंगचं हसू मावळलं होतं. "भाड्याची जागा असते... स्वस्त पडेल तिथं. बदलतही असते."

एकच गलका उठला. दोघाचौघांनी त्याची कॉलर धरली. अण्णांनी त्याला सोडवलं आणि पोलीस येईपर्यंत खुर्चीवर बसवून ठेवलं.

"हात जोडायच्या आधी विचारा!" तेजश्रीचा आवाज चढला होता. "डेटा देशातच ठेवता येतो, ते काही थोतांड नाही. पण पत्ता विचारा. किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. कायदा कुठला लागू होईल ते विचारा. जो माणूस झाकण उघडू देत नाही, त्याला काही देऊ नका!"

"शास्त्रीबुवा," बयाबाई हळूच म्हणाल्या, "आमचं पान..."

"घरातच आहे, बयाबाई."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

सोमनाथ पुढे आला. "वहिनी, माझ्या वह्या परत येतील ना?"

तेजश्रीला खोटं बोलवेना. "पुसून टाका म्हणून भांडता येईल, आणि भांडूच आपण. पण तोवर किती प्रती झाल्या, कुणी वाचल्या, ते कळणार नाही."

"मग मी यजमानांना काय सांगू?"

"जे झालं ते," अण्णा म्हणाले. "आजच एकेकाला फोन लाव. पहिल्याशी मी बोलतो. बंद पेटी बोलली म्हणून तुला हात जोडायला मीच सांगितलं होतं."