पहिल्यांदाच हो

माहनूशने दार वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली आणला. आत प्राध्यापक कोवलचुक कुणाशी तरी हसून बोलत होत्या.

सोमवारी याच दारात त्यांनी तिला विचारलं होतं, माझ्या मातीच्या प्रयोगशाळेत येशील का? आपल्या गावाहून, यझ्दहून, इतक्या लांब परदेशात सास्काटूनला ती शिकायला आली होती, ती या एका प्रश्नासाठी. सत्र संपेपर्यंत मार्गदर्शक मिळाला नाही, तर प्रवेश रद्द आणि सरळ घर. आनंदाने तिचे कान तापले. आणि मान खाली घालून, घरी सगळे म्हणतात तसं, ती म्हणाली होती की मी कुठली त्या लायकीची, दुसऱ्या कुणाला घ्या.

बाई बरं म्हणाल्या. पुन्हा विचारायला मात्र आल्याच नाहीत. ती रोज वाट बघत राहिली.

काल भांडी घासताना तिने हे सगळं एफुआला सांगितलं. एफुआही परदेशातूनच, कुमासीहून आलेली, तिच्याच घरात राहणारी. हातातला तवा तसाच धरून ती बघत राहिली.

"म्हणजे तू नाही म्हणालीस."

"नाही कुठे? पहिल्याच फटक्यात कुणी हो म्हणतं का, हावरटासारखं?"

"अगं राणी, इथे नाही म्हणजे नाही. दुसऱ्यांदा विचारायला त्या काय तुझ्या मावशी लागतात? उद्या जा आणि सरळ माग."

मागायचं. तो शब्द ऐकून माहनूशने घासलेलाच पेला पुन्हा घासायला घेतला होता.

दार उघडलं. तिच्याच वर्गातला, चिलीचा इग्नासियो बाहेर आला आणि तिला बघून तोंडभर हसला. तेवढ्यावरच तिला कळलं.

तरी ती आत गेली.

"ती जागा मला हवी होती," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला, की तिलाच कसंतरी झालं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला वाटलं, तुला काम आवडलं नाही. आत्ताच दिली मी ती." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हरितगृहात कुंड्या धुवायला, माती चाळायला कुणीतरी हवंय. काम हमालीचं आहे. पण मार्गदर्शक म्हणून माझं नाव लावता येईल. तुला जर..."

"हो," माहनूश म्हणाली.

शनिवारी सकाळी ती कुंड्या धूत होती, तेव्हा आईचा फोन आला. बाईंनी घेतलं, एवढंच तिने सांगितलं. आई आनंदाने रडली आणि मग एकदम सावध झाली.

"लगेच हो नाही ना म्हणालीस, माहनूश जान? आग्रह केला ना त्यांनी?"

माहनूशने नळ बंद केला.

"खूप केला, मामान," ती म्हणाली. "मी तर नाहीच म्हणत होते."