ओल्या बोटाची साखर

“आजी, तुमची पोर गार पडलीय. साखर लावू का जिभेला?”

मी तिच्या हाताकडे पाहिलं. कचरा वेचणारी बाई. नखांत काळं, मनगटावर वाळलेलं काहीतरी, अंगाला आंबूस वास. दवाखान्याच्या बाकावर ती शेजारी टेकली तेव्हाच मी पदर नाकाला लावला होता. तिच्या मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू, शेंबूड ओठापर्यंत आलेला. ती बोट थुंकीनं ओलं करायची, पुडीतल्या साखरेत बुडवायची आणि त्याच्या तोंडात घालायची.

“हात कधी धुतलेस? आमच्यात असलं चालत नाही. लांब सरक.”

“सरकते. पण घाम सुटलाय बघा तिला.”

“ताप उतरतोय तिचा. मला नको शिकवूस. पाच बाळंतपणं झालीत माझी.”

माझ्या मांडीवर नात होती, तीन वर्षांची ठकी. काल दुपारपासून ताप, उलट्या, जुलाब. उलटी लागली की पोट कोरं ठेवायचं, हा आमच्या घरचा नियम. आधी माझ्या सासूचा, मग माझा. सकाळी पॅकिंगच्या कामावर निघताना सून दबकत म्हणाली होती, “आई, थोडं साखरपाणी देऊ का?” मी म्हटलं, “दे की. आणि बाहेर येईल ते पुसायला घरी थांब.” खाडा झाला तर तिचं काम जाणार, हे मला ठाऊक होतं. ती मुकाट गेली.

खिडकीतला कारकून मधेच काडीनं कान कोरायचा आणि त्याच काडीनं लोकांचे कागद पुढे सरकवायचा. आमचा नंबर अजून लांब होता.

एकाएकी ठकीची मान लुळी पडली. डोळे अर्धवट, बुबुळं वर. सुनेवर दिवसभर चालणारी माझी जीभ टाळ्याला चिकटली. ओरडली ती कचरेवाली. आपलं लेकरू बाकावर टाकून, रांग मोडून आत घुसली आणि नर्सला दंडाला धरून घेऊन आली.

नर्सनं ठकीचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब यंत्राला लावला. “साखर पार उतरलीय. शेवटचं कधी खाल्लं?”

“सकाळी. दूध प्यायली,” मी म्हणाले. उपाशी पोर आणली, असं कुणी म्हणायला नको.

“आजी, खरं सांगा.”

अख्खी रांग माझ्या तोंडाकडे बघत होती.

“काल दुपारपासून काही नाही,” मी म्हणाले. “मीच दिलं नाही.”

“आजारी पोराला उपाशी ठेवलं की असंच होतं. घाम सुटतो, गार पडतं.” ती हातावर शीर शोधत होती, सापडत नव्हती. “साखर आहे का कुणाकडे? ओली करून जिभेखाली ठेवा, चटकन!”

घाम सुटतो, गार पडतं. माझं पाचवं लेकरू असंच मांडीवर गार झालं होतं. दोन दिवस कोरं पोट. ताप उतरला म्हणून मी सासूला हसत सांगायला गेले होते.

कचरेवालीनं पुडी माझ्यापुढे धरली. “घ्या, तुमच्या हातानं लावा.”

मी चिमूट उचलली. साखर लुगड्यावर सांडली.

“तूच लाव, बाई.”

तिनं बोट ओलं केलं. कशानं, ते मी पाहिलं नाही.

नर्सला शीर सापडली, बाटली लागली. बऱ्याच वेळानं ठकीनं ओठ चाटले आणि चिडून भोकाड पसरलं.

तेवढ्यात खिडकीतून कारकून ओरडला, “ए बाई, तुझा नंबर गेला. मागनं लाग आता.”

ती उठायला लागली, मुकाट, माझ्या सुनेसारखी.

“बस खाली,” मी म्हटलं. “ठकीपाशी बस.”

तिचा कागद घेतला, तिचं लेकरू कडेवर घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन खिडकीशी उभी राहिले.

“कान कोरून झाला असेल, तर या लेकराला आत घे.”

तो कागद उलटसुलट करत बसला. लेकरानं माझ्या खांद्यावर नाक पुसलं, चांगलं दोनदा. ओलं, कोमट. मला शिसारी आली. पदर खांद्यावर होता तिथेच राहू दिला.