मिस्त्रींची झडप

मिस्त्रींच्या हृदयाची एक झडप कडक झाली होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "म्हणजे दार पुरतं उघडत नाही, एवढंच ना? मग एवढा पसारा कशाला!" जन्मभर दारं-खिडक्या बसवलेल्या माणसाला दार काय शिकवता?

उपाय दोन होते. एक, छाती उघडून जुनी झडप काढायची आणि नवी शिवायची. त्रास जास्त, पण त्या झडपा वर्षानुवर्षं टिकल्याचा अनुभव दांडगा. दुसरा, जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर न्यायची आणि जुन्या झडपेच्या आतच नवी बसवायची. चार दिवसांत माणूस घरी.

"तुमचं वय अडुसष्ट, बाकी तब्येत ठणठणीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला विचाराल तर छाती उघडू या. पण दोन्ही जमेल. ठरवायचं तुम्ही."

"नळी," मिस्त्री ताडकन म्हणाले.

शेजारी बसलेली लेक बघतच राहिली. कुजक्या चौकटीवर नवी ठोकून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हाकलून देणारे बाबा ते हेच? "बाबा, जुनं उपटल्याशिवाय नवं बसवू नये, असं तुम्हीच म्हणता ना?"

"लाकडाचं वेगळं, माणसाचं वेगळं. तू गप्प बस."

खरं कारण वेगळंच होतं. छाती उघडली की दोन-तीन महिने जड काही उचलायचं नाही, आणि गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून बायकोला रोज सकाळी पलंगावरून तेच उठवत. काखेत हात घालून, "एक, दोन, हुप्प!" करून. आत्ता इथल्या खुर्चीतही त्यांनीच तिला बसवलं होतं. तिला दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायला ते तयार नव्हते.

"घरी ओझं उचलता का काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आईला उचलतात रोज," लेक बोलून गेली. "परवा तिला उठवलं आणि स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून धापा टाकत होते. आईला सांगू नकोस म्हणाले."

बायकोनं खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले आणि उठून उभी राहिली. एकटी, ताठ.

"अगं, पडशील!"

"नाही पडत. तुम्ही कामावर गेलात की माझी मीच उठते. दोन महिने झाले."

"मग मला रोज कशाला राबवलंस?"

"राबवलं कसलं!" ती लाजली आणि चिडलीही. "इतकी वर्षं संसार केला, कधी जवळ घ्यायचं सुचलं तुम्हाला? गुडघे बिघडले तेव्हा कुठे हात लावलात. म्हटलं, चालू दे आणखी थोडे दिवस. तुमच्या जिवावर बेततंय हे ठाऊक असतं तर..." पुढे तिला रडूच फुटलं.

डॉक्टरीणबाई कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधू लागल्या. मिस्त्रींना राग यायला हवा होता, पण आला नाही. इतकं बरं वाटत होतं की सगळ्यांसमोर त्यांना संकोच वाटला.

"डॉक्टर, उघडा छाती," ते म्हणाले. "जुनी झडप मुळासकट काढा. काम पक्कं पाहिजे. मला अजून बरीच वर्षं लागणार आहेत." मग बायकोकडे वळले. "आणि तू, उद्यापासून आपलं आपण उठायचं."

"उठेन की."

"उठलीस की तिथेच उभी राहा. मी येतो."