गंगेवर

नाशकात गोदावरीला गोदावरी फक्त पाट्यांवर म्हणतात. आम्ही म्हणतो गंगा. बुधवारचा बाजार गंगेवर, दहावा गंगेवर, माझं माहेरसुद्धा गंगेवरचं, म्हणजे घाटामागच्या बोळातलं. म्हणून सहावीत नव्याने आलेल्या संजनाला मी विचारलं, "कुठे राहतेस गं?" आणि ती म्हणाली, "गंगेवर," तेव्हा मी खुशीत हजेरीपटात 'गंगाघाट, पंचवटी' असं लिहून टाकलं. घर नंबर विचारला नाही. आपल्याकडचीच पोर, म्हटलं, हिच्या घरी काय, कधीही जाता येईल.

मी उज्वला शेवाळे. पंचवटीतल्या शाळेत बावीस वर्षं शिकवते आणि शाळेची बालरक्षकही मीच. म्हणजे ज्या पोरांची शाळा सुटू पाहते त्यांच्या घरी जायचं, आईबापांना समजवायचं आणि पोराला परत आणून बाकावर बसवायचं. ऑफिसबाहेर माझा फोटो लावलाय, खाली फोन नंबर. तोंडाची मी तिखट, हे कुठलंही पोरगं सांगेल. मनाची चांगली, हे आजवर मीच सांगत आले.

श्रावणात गंगेला पूर आला. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की नाशिककर समजतो, घाट बुडाला. दुसऱ्या दिवशी संजना आली ती भिजलेल्या वह्या घेऊन. गणिताच्या वहीचा तर लगदा झालेला. मी ती दोन बोटांत उचलली आणि वर्गाला दाखवली.

"काय गं, घरात वह्या ठेवायला एवढीशी कोरडी जागा नाही का?"

वर्ग हसला.

"नाही बाई," ती म्हणाली.

"वर तोंड करून बोलतेस? राहा उभी!"

दोन तास उभी राहिली. रडली नाही, काही नाही. पोरीने मला खरं उत्तर दिलं होतं आणि मी त्याचीच शिक्षा दिली. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पोळ्यानंतर तिचं येणं बंद झालं. चार दिवस झाले, आठ झाले. सिंहस्थाच्या कामांसाठी घाट मोकळा करताहेत, हे मी जाता-येता रोज बघत होते. पण दोन आणि दोन चार करायला डोकं ताळ्यावर असावं लागतं. नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर म्हटलं, चला, गृहभेट. माहेरच्या बोळापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात विचारलं, संजना इथेच राहते का? तासभर पायपीट केली. कुणालाच माहीत नाही. शेवटी घाटावर आले आणि फुलवाल्या बायडाबाईला विचारलं. माझी आई होती तेव्हापासून ती तिथे बसते.

"संजनाचं घर व्हय?" बायडाबाई माझ्याकडे बघतच राहिली. "मास्तरीणबाई, तिच्या घरातच तर उभ्या हाय तुम्ही."

मी खाली पाहिलं. दगडी पायरी. भिंतीत ठोकलेले दोन खिळे. चुलीचा काळा डाग.

"माय अन ती, दोन वरीस हितंच होत्या. माय द्रोणातले दिवे विकायची. पाणी चढलं का वरच्या पायरीवर सरकायच्या. मागल्या हप्त्यात समद्यांना उठवलं. आता त्र्यंबकला हाय म्हणं, कुशावर्तापाशी." तिने फुलांवर पाणी मारलं. "पोरगी लय वाट पाहायची तुमची. म्हणायची, बाई समद्यांच्या घरी जात्यात, माझ्या बी येतील. रोज पायरी झाडून ठेवायची."

अगं आई गं! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या वळशापायी एक पोर हातची गेली होती. बायडाबाईने बसायला पोतं सरकवलं. मला बसवेना.

शनिवारी मी एका मुलींच्या वसतिगृहात फोन लावला. जागा आहे म्हणाले, फक्त रहिवासी दाखला आणा.

"अहो, घर नाही म्हणून तर वसतिगृह हवंय!"

"मॅडम, पत्त्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही."

पुढे मी त्यांना काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. उपयोग शून्य. हजेरीपट काढून बघितला. माझ्याच अक्षरात 'गंगाघाट, पंचवटी', आणि पुढे काही नाही.

रविवारी त्र्यंबकला गेले. कुशावर्त कुंडाच्या बाहेर गर्दीत तिची आई द्रोण लावून बसली होती, शेजारी संजना वाती वळत होती. मला पाहिल्याबरोबर ती ताडकन उभी राहिली. वर्गात उभी राहिली होती ना, अगदी तशी, हात मागे. मग काही आठवल्यासारखी वाकली आणि गोणीतून एक पुडकं काढलं. तीनतीन पिशव्यांत बांधलेल्या वह्या.

"बाई, आता कोरड्या राहतात," ती म्हणाली.

"माझं चुकलं गं पोरी," मी म्हणाले. भररस्त्यात रडायला आलं आणि मी रडले. तीच बिचारी घाबरून इकडेतिकडे बघायला लागली.

तिची आई म्हणाली, "बाई, तिला शिकायचंय. रोज वही काढून बसती. काय तरी करा."

मी डोळे पुसले आणि माझा नेहमीचा आवाज काढला. "करायचं काय त्यात? उद्यापासून शाळा. नाव कमी केलेलं नाही मी तुझं. कळलं?"

"हो बाई!" तिचा चेहरा एकदम फुलला. तिने वह्या छातीशी धरल्या. मग हळूच विचारलं, "पण बाई, मी राहू कुठे?"

बावीस वर्षं पोरांना मी हेच विचारत आले, कुठे राहतेस, कुठे राहतोस. मला कधी कुणी विचारलं नव्हतं. माझं घर डोळ्यांसमोर आलं. तीन खोल्या. एक माझ्या मुलाची, हर्षलची, त्याचं बारावीचं वर्ष. एक सासूबाईंची. हॉलमध्ये एक गादी मावली असती. खरं सांगते, मावली असती. शब्द ओठांपर्यंत आला होता.

"मी बघते," मी म्हणाले.

तिने मान हलवली. हे उत्तर तिने आधी पुष्कळदा ऐकलं असणार. वह्या पुन्हा एकेका पिशवीत घातल्या, गाठ मारली, गोणीत ठेवल्या आणि वाती वळायला बसली. मी तिथेच उभी होते. तिनेच वर पाहिलं.

"बाई, तुमची बस जाईल," ती म्हणाली.

आणि मी बसकडे निघाले.