टाचणीमावशीची सातवी टाचणी

टाचणीमावशीच्या शिवणातल्या चुण्यांचं काय सांगायचं. तिनं शिवलेला घेरदार झगा घालून एका बाईनं गिरकी घेतली, ती म्हणे तिसऱ्या दिवशी थांबली. म्हणून तर चायनीज हॉटेल चालवणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीचा हात भाजला, तेव्हा डंपलिंग वळायला बहिणीनं तिलाच बोलावलं. पिठाच्या पारीत सारण भरायचं आणि कडेला चुण्या घालून तोंड बंद करायचं.

"हे तर बाळाचं झबलं," मावशी म्हणाली. "दे इकडं."

दुपारपर्यंत तिनं दीडशे वळली. टोपल्या वाफेवर चढल्या, उतरल्या, बाहेर टेबलांवर गेल्या. मावशीनं हात धुतले आणि सवयीनं बाहीवरून बोट फिरवलं. काम संपलं की बाहीला खोचलेल्या टाचण्या मोजायच्या, हा तिचा जुना नेम. पांढऱ्या डोक्याच्या सात टाचण्या. बोटाला सहाच लागल्या.

पुन्हा मोजल्या. सहाच.

मग तिला आठवलं. शेवटच्या टोपलीतल्या एका पारीची चुणी सारखी सुटत होती. सुटत्या चुणीचं काय करायचं, हे मावशीच्या हातांना कुणी सांगावं लागत नाही.

"शेवटची टोपली कुणाला दिलीस गं?"

"भाऊजींना," बहीण म्हणाली. "नूडल्सचा वाडगा केव्हाच रिकामा करून बसले होते. आत्ताच नेऊन ठेवली. का?"

मावशीचा नवरा जेवत नसे, गिळत असे. एकदा भाताबरोबर शर्टाचं बटण गिळलं, तेही शर्ट उघडा राहिला तेव्हा कळलं. चावणं म्हणजे वेळेची नासाडी, असं चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

जमिनीवरच्या टाचण्या वेचायचं लोहचुंबक तिच्या पिशवीत होतं. ते घेऊन ती बाहेर धावली. टोपलीत आठातली तीनच उरली होती. नवऱ्याचा उजवा गाल फुगलेला.

"अहो, गिळू नका. दातही लावू नका. आत टाचणी आहे."

गाल फुगवूनच तो पुतळ्यासारखा बसला. मावशीनं टोपलीतल्या तिन्हींवरून चुंबक फिरवलं. काही हललं नाही.

"पोटात किती गेली?"

त्यानं चार बोटं दाखवली.

म्हणजे टाचणी तोंडात, नाहीतर पोटात. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं नूडल्स ओढायच्या थांबवल्या. अर्ध्या ओठांतून लोंबत राहिल्या. मावशीनं चुंबक त्याच्या गालाला टेकवलं. काही नाही. जरा वर सरकवलं. काही नाही. कानाच्या बाजूला नेलं, तसा गाल आतून हळूच ओढला गेला, अगदी मासा गळाला लागावा तसा.

"आता जीभ न हलवता तोंड उघडा," ती म्हणाली.

लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यात त्यानं पहिल्यांदाच तिचं ऐकलं. डंपलिंग अख्खंच्या अख्खं बशीत पडलं. चुणीत पांढरं डोकं चमकत होतं.

"चटका बसला म्हणून गालात धरलं होतं," तो पुटपुटला. "निवलेलं असतं तर..."

"पुढचं बोलू नका."

मावशीनं टाचणी पुसून बाहीला खोचली, सात मोजल्या, पुन्हा सात मोजल्या, आणि खुर्चीत बसली.

नवऱ्यानं उरलेल्यातलं एक डंपलिंग उचललं. तिच्याकडे पाहिलं. मग जिवावर आल्यासारखा, सावकाश चावायला लागला.

"एकोणीस," मावशी मोजत होती. "वीस. थांबलात का? एकवीस."