म्नात्साकान म्हणजे राहिलेला

पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, हे देबेद नदीच्या खोऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. सून तागुहीला दिवस गेल्यापासूनच हायकानुश तिच्या पोटाकडे बघून म्नात्साकान म्हणू लागली होती. आता बाप्तिस्मा उद्यावर आला, आणि अडून कोण बसलं, तर ज्याचं नाव तोच, तिचा नवरा म्नात्साकान.

अरेग ठेवा, तो म्हणाला. अरेग म्हणजे सूर्य, छोटंसं आणि उजेडाचं नाव.

हे नाव सुनेनं मागे एकदा सहज काढलं होतं. म्हातारा सुनेला लोणी लावतोय असं वाटून हायकानुशनं दुपारभर भांडी आपटली. मुलगा वाहे शहाणा. तो उद्याच्या मटणासाठी लाकडं फोडायला अंगणात निघून गेला.

उन्हं उतरल्यावर तिनं नवऱ्याला मधाच्या पेट्यांपाशी गाठलं. गाव काय म्हणेल, या घराला म्हाताऱ्याचं नावसुद्धा जड झालं?

तो बराच वेळ पेटीचं झाकण पुसत राहिला. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं त्याला हे नाव दिलं, राहिलेला. एवढं तिला ठाऊक होतं. पण मिसरूड फुटेपर्यंत, तो झोपला की आई त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालतोय का बघायची, हे त्यानं आज पहिल्यांदा सांगितलं.

"त्या नावात तिचं भय आहे गं," तो म्हणाला. "आपल्या पोटचं असं कुणी गेलं नाही. या पोराच्या गळ्यात कशाला?"

हायकानुश तिथूनच सेपुहच्या घरी गेली. सेपुह बाळाचा कावोर, म्हणजे धर्मपिता. चर्चमध्ये नाव तोच उच्चारतो, आणि त्यानं उच्चारलं की संपलं. त्याला अरेग म्हणायला सांगून ती परतली आणि वाटेत डोळे पुसले.

सकाळी चर्चच्या दारात सेपुहला घाम फुटला होता.

"काकू, काल तुम्ही म्हणालात अरेग. आज उजाडताच काका आले, म्हणाले बायकोचं मन मोडवत नाही, म्नात्साकानच म्हण. आता आत जाऊन मी काय शिंकू?"

नवराबायको एकमेकांकडे बघेनात. आत पाद्री खाकरला.

तागुही बाळाचं टोपडं सारखं करत होती. "सेपुह, म्नात्साकान म्हण," ती म्हणाली आणि सासूकडे वळली. "आई, नावाचा अर्थ मलाही कळतो. पण मी या घरात आल्यापासून तुम्ही रोज व्हरांड्यातून ही हाक मारता, सूप गार होतंय म्हणून. आणि बाबा येतात. मला या नावाचं एवढंच माहीत आहे."

म्हाताऱ्याला एकाएकी दारावरच्या कोरीवकामात फार रस वाटू लागला. सेपुहनं मात्र आत जाऊन ते नाव असं ठणठणीत उच्चारलं, की मेणबत्तीवाली बाईसुद्धा हसली.

पाहुणे पांगल्यावर हायकानुशनं व्हरांड्यात येऊन मधाच्या पेट्यांकडे हाक दिली, "म्नात्साकान, जेवायला चल." मागे पाळण्यात नातवानं भोकाड पसरलं.

"तुला नाही रे," ती म्हणाली, आणि आधी त्यालाच उचलायला गेली.